माहेर दिसत नाही

भाचा टेबलाखाली शिरला होता आणि बाईंना त्याच्या बुटांचे तळवे तेवढे दिसत होते. त्याने वायर काढली, फुंकली, पुन्हा खोचली आणि खालूनच विचारलं,

"मॅडम, दिवा लागला का?"

दिवा लागला होता. तो सकाळपासूनच लागत होता, हिरवा आणि ठणठणीत. फक्त बाईंचा कॉम्प्युटर ऑफिसातल्या दुसऱ्या कुणाच्याही पडद्यावर दिसत नव्हता.

कुठला माल कुठल्या गाडीने जायचा, त्याचे कागद बाई तयार करत आणि आपल्या कॉम्प्युटरवरच्या एका फोल्डरमध्ये ठेवत. बाकीचे आपापल्या जागेवरून तो फोल्डर उघडून कागद छापून घेत. ऑफिसात पहिल्यांदा कॉम्प्युटर आले तेव्हा प्रत्येकाला नाव द्यायचं होतं. हिशेबनिसांनी आपल्याचं नाव कुबेर ठेवलं, गोदामवाल्यांनी भीम, आणि बाईंनी माहेर. ज्या बाईला सासरच नाही तिला माहेर कुठलं, म्हणून इथे एक करून ठेवते, असं त्या तेव्हा हसत म्हणाल्या होत्या.

हिशेबनिसांना त्यामुळे आज ऊत आला होता. "माहेरच सापडेना, तर पाठवणी कुठून करायची?" हा विनोद त्यांनी येईल त्याला ऐकवला आणि दर वेळी पहिल्यांदा सुचल्यासारखे हसले. खाली गाड्या भरून उभ्या होत्या.

बाईंना हसू येत नव्हतं. त्यांचं निवृत्तीचं वय उलटून गेलं होतं आणि दर वर्षी साहेब त्यांना वर्षभराची मुदतवाढ देत. या वर्षीची वाढ "बघू" या एका शब्दावर येऊन अडली होती. आठवडाभराच्या रजेवरून त्या कालच परतल्या, पण साहेबांनी तो विषय काढला नव्हता. अशा दिवसांत आपल्यामुळे गाड्या खोळंबल्या हे साहेबांच्या कानावर जाणं म्हणजे आयतं निमित्त हातात देणं. ते यायच्या आत हे निस्तरलं पाहिजे, एवढंच त्यांच्या मनात घोळत होतं.

भाचा खुर्चीत बसला. हा त्यांच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. शिकून झाल्यावर बराच काळ घरीच बसला होता, तेव्हा बाईंनीच साहेबांकडे शब्द टाकून त्याला इथे कॉम्प्युटरच्या कामावर लावलं. घरी मावशी, इथे मॅडम, हे त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. आपलं माणूस चिकटवलं असं कुणी म्हणायला नको. त्याने तो नियम कधी मोडला नाही आणि बाईंना त्याचं कौतुक होतं. गेल्या आठवड्याची रजाही त्याच्या घरासाठीच होती. बहिणीचं ऑपरेशन झालं. साहेब मला सोडत नाहीत, तूच रजा घे, आईला तूच लागतेस, अशी त्याने गळ घातली. बाईंनी आठवडा बहिणीच्या उशाशी काढला. इतकी मोठी रजा त्यांनी उभ्या नोकरीत घेतली नव्हती.

भाचा हिशेबनिसांच्या जागेवर जाऊन बाईंच्या कॉम्प्युटरचा नेटवर्कवरचा आकडा आणि मग नाव टाइप करून आला. "आकड्याने हाक मारली की ओ देतो," तो स्वतःशीच पुटपुटला, "नावाने मारली की देत नाही." मग त्याने बाईंचा कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. पडद्याच्या कोपऱ्यात एक लहानशी चौकट उमटली. ती घालवायला त्याने घाईने हात पुढे केला, पण बाईंची हयात कागद वाचण्यात गेली होती. या नावाचा दुसरा कॉम्प्युटर नेटवर्कवर आधीपासून आहे, असं तिथे लिहिलं होतं.

"दुसरा कुठला?" बाईंनी विचारलं.

"असे मेसेज येतात कधी कधी." त्याने त्यांच्याकडे पाहिलं नाही. खिशात किल्ली चाचपली, दोन मिनिटांत आलो म्हणाला आणि मागच्या अडगळीच्या खोलीकडे गेला.

बाई पडद्याकडे बघत बसल्या. भीम दोन निघू शकले असते, कुबेरही निघाले असते. पण या मिशाळ लोकांच्या ऑफिसात आपल्या कॉम्प्युटरचं नाव माहेर कोण ठेवणार? हे नाव आपोआप कुणाला सुचणारं नव्हतं. त्या उठल्या.

मोडक्या खुर्च्यांची ती खोली झाडून पुसून ठेवली होती. भिंतीशी एक नवं टेबल होतं आणि खुर्चीवरचं प्लास्टिकही अजून काढलेलं नव्हतं. टेबलावरच्या पडद्याकडे पाहिल्यावर क्षणभर त्यांना आपण आपल्याच जागी परत आलो की काय असं वाटलं. मागे त्यांचा आणि बहिणीचा तोच फोटो, त्यावर त्यांचेच फोल्डर, त्यांनी लावलेल्या क्रमाने. घाईत 'पावत्या'चं 'पवात्या' झालं होतं आणि त्यांनी ते कधी सुधारलं नव्हतं. तेही तसंच होतं.

भाच्याचं बोट बटणाजवळ थबकलं.

"सगळं उचलून आणलंस," बाई म्हणाल्या.

तो हळू आवाजात समजावू लागला. अख्खी डिस्क एकदम उतरवून घेतली, म्हणून नावही सोबत आलं. हा कॉम्प्युटर कुणाच्या यादीत दिसणार नाही अशी व्यवस्था त्याने केली होती. नाव बदलायचं तेवढं राहून गेलं. सकाळी चालू केला आणि नाव यानेच अडवलं. हे सांगताना तो मनापासून हळहळत होता, जणू चूक तेवढीच झाली होती.

"इथे कोण बसणार?"

"नवीन कुणी येणार आहेत, एक तारखेपासून. काम अडायला नको म्हणाले साहेब. तुम्ही रजेवर आहात तोवरच उरकायला सांगितलं होतं."

"रजा मी घेतली, की तू घ्यायला लावलीस?"

तो खुर्चीवरचं प्लास्टिक सारखं करू लागला. बाहेर कुणीतरी खुर्ची सरकवली, फोन वाजला आणि थांबला. कुंपणानेच शेत खाल्लं होतं आणि ते कुंपण बाईंनी स्वतःच्या हाताने घातलं होतं.

"मावशी," तो शेवटी म्हणाला.

या इमारतीत त्याने ही हाक पहिल्यांदाच मारली होती. बाईंच्या मनात आलं, माझा नाइलाज होता म्हण, साहेबांनी धमकावलं म्हण, खोटं का असेना, पण म्हण. त्या ऐकायला तयार होत्या, माफ करायलाही तयार होत्या, आणि याचाच त्यांना स्वतःचा संताप येत होता.

"आईला एवढ्यात सांगू नकोस. तिचे टाके अजून ओले आहेत."

आणि त्याने बटण दाबलं. पडद्यावरच्या दोघी बहिणी दिसेनाशा झाल्या. पलीकडून हिशेबनीस ओरडले, सापडलं हो बाई, माहेर सापडलं. बाई आपल्या जागेवर येऊन बसल्या आणि एकामागून एक कागद छापले जाऊ लागले.

गाड्या गेल्या. साहेब आले, त्यांना सगळा घोळ कळला आणि त्यांनी जाता जाता भाच्याची पाठ थोपटली. बाईंकडे बघून मान हलवली आणि आपल्या खोलीचं दार लावून घेतलं.

दुपारी रोजच्यासारखा बहिणीचा फोन आला. आज ती धरून धरून दारापर्यंत चालली होती. पेजेचं, औषधांचं, झोपेचं सांगून झाल्यावर ती मुलाच्या विषयावर आली.

"नीट करतो ना गं ताई काम? तुला काही त्रास नाही ना त्याचा?"

समोर भाचा गोदामवाल्यांच्या कॉम्प्युटरमध्ये डोकं घालून बसला होता. बाईंचा आवाज ऐकून त्याचा हात थांबला होता.

"चांगलं करतो," बाई म्हणाल्या. "साहेब खूश आहेत त्याच्यावर."

बहिणीने सुटकेचा श्वास सोडलेला त्यांना फोनवर ऐकू आला.

"तुझीच पुण्याई गं," ती म्हणाली. "नाहीतर त्याला कोण विचारत होतं?"