पौषातली बुडी

पौषात मासासुद्धा तळाशी जाऊन गप्प बसतो. त्याच्या हाती कुणी मोबाइल दिला नाही, म्हणून त्याची अक्कल शाबूत राहिली. हे मत सुशीलाबाईचं, आणि आदल्या संध्याकाळी लेकाच्या ताटात भात वाढताना ते तिनं त्याला ऐकवलंही होतं. लेक हसला होता. धर्मेंद्र गोंदियाला राहायचा, तिथं व्यायामशाळा चालवायचा आणि गेली दोन वर्षं रोज सकाळी बर्फाच्या पिंपात बसून जगाला शौर्य शिकवायचा. पिंपात तीन मिनिटं बसायचं आणि बाहेर येऊन अर्धा तास बोलायचं, असं ते शौर्य होतं.

आता मात्र त्याला पिंप पुरेना. त्याला गावचा तलाव हवा होता.

तलाव त्याच्याच घराण्याचा. कागदावर सरकारचा, पण पाळ बांधली ती त्याच्या खापरपणज्यानं, तलाव बांधणाऱ्या कोहळी जातीतल्या माणसानं, टोपलीटोपलीनं माती वाहून. इटियाडोह धरणाचा कालवा गावाला वळसा घालून पुढच्या शिवारात निघून गेला, त्यामुळे इथल्या उन्हाळी धानाला पाणी अजूनही याच तलावाचं. पाळीच्या आतल्या अंगानं दगडी पायऱ्या पाण्यात उतरतात. पायरीपायरीला एक भोक, भोकात लाकडाचा गुट्टा ठोकलेला. गुट्टा काढला की पाणी पाळीतून शेताकडं सुटतं. त्याला तुडूम म्हणतात. पौष सरता सरता पहिला गुट्टा काढायचा तो पाळ बांधणाऱ्याच्या घरातल्या माणसानं, पाण्यात उतरून, हातानं. त्याला दोन अटी होत्या. अंगभर जवसाचं तेल, आणि सूर्य डोक्यावर. पुरुषमाणसं अटी विसरतात, म्हणून बायकांनी त्या गाण्यात बांधून ठेवल्या होत्या :

तेल लाव गा अंगाले, ऊन येऊ दे पान्याले,
मंग उतर माया राजा, तुडूमाच्या दाराले.

हे गाणं धर्मेंद्रनं आईकडून मुद्दाम म्हणवून घेतलं होतं. त्याची बायको रीता हिनं ते मोबाइलमध्ये भरलं होतं. ते व्हिडिओच्या मागं वाजणार होतं आणि त्या गाण्याच्या तालावर हा उतरणार होता भल्या सकाळी, धुक्यात, कोरड्या अंगानं. तेलानं अंग चकाकतं आणि दुपारचा उजेड सपाट पडतो, असं त्याच्या कॅमेरेवाल्या मित्राचं, रोशनचं म्हणणं. गाण्याचा ताल घेतला आणि अर्थ उकिरड्यावर टाकला.

"काऊन गा," सुशीलाबाईनं विचारलं होतं, "दुपारपर्यंत पानी पळून जाऊन राहिलं काय?"

"कुछ नहीं होता माय," तो म्हणाला. "बकारामचा पोरगा हाव मी."

तिथं ती गप्प झाली. बकाराम हे नाव निघालं की ती गेली एकतीस वर्षं गप्पच होत आली होती.

बकाराम तिचा नवरा. याच तुडूमाच्या पायी गेला, तेव्हा धर्मेंद्र तीन वर्षांचा होता. गावानं त्या मरणाचा केवढा तरी पोवाडा करून ठेवला होता. बकाराम म्हणजे पाण्यातला वाघ, वाघाला पाण्यानंच नेलं, दुसऱ्या कुणाची काय छाती. मंडईच्या जत्रेत होणाऱ्या दंडारीच्या खेळातसुद्धा त्याच्या नावानं दोन ओळी म्हटल्या जात आणि ऐकणारे माना डोलवत. त्या डोलणाऱ्या माना पाहिल्या की सुशीलाबाईला वाटे, एवढ्या मानांत एक तरी डोकं असतं तर बरं झालं असतं.

कारण बकारामला पाण्यानं नेलंच नव्हतं. त्या दिवशी आभाळ भरलेलं, गुट्टा फुगून अडकलेला, त्याला काढायला फार वेळ लागला. पण तो आपल्या पायांनी बाहेर आला होता. भूक लागली म्हणाला होता. मग माणसांनी त्याचा ताबा घेतला. सगळ्यात पुढं त्याचा मोठा भाऊ दुधराम. त्यानं मोहाची बाटली भावाच्या तोंडाला लावली, त्याला जाळापाशी बसवलं, चार जणांना हातपाय खसाखसा चोळायला लावलं आणि गुंगी येते म्हणाला तेव्हा दोन खांद्यांवर टाकून त्याला चालवलं. सातव्या की आठव्या पावलाला बकाराम खाली बसला तो उठलाच नाही.

सुशीलाबाई तेव्हा एकवीस वर्षांची. दहा हात अंतरावर कोरडी घोंगडी घेऊन उभी होती. तिच्या माहेरी पौषात जन्मलेलं रेडकू गारठलं तर त्याला कुणी जाळापाशी नेत नसे. पुसून कोरडं करत, तणसात, भाताच्या पेंढ्यात पुरत, पोटाशी ऊब देत आणि निजू देत. तिला हे ठाऊक होतं. पण जाळापाशी भासरा बसला होता. नवऱ्याच्या थोरल्या भावापुढं सुनेनं तोंड उघडायचं नाही, त्याच्या अंगावरून जायचं नाही, त्याची सावलीही ओलांडायची नाही. तिनं रीत पाळली. घोंगडी हातातच राहिली, आणि संध्याकाळी तीच घोंगडी बकारामवर घातली गेली.

पुढं कैक वर्षांनी आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईला तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं. नर्सबाईनं सहज सांगितलं. दारूनं आतली ऊब कातडीवर येते आणि उडून जाते. हातपाय चोळले, चालवलं, की तिथलं गार रक्त काळजाकडं धावतं. आडवं निजवायचं, कोरडं करायचं, आधी छाती-पोट ऊबेला आणायचं. एवढंच. सुशीलाबाई त्या दिवशी घरी चालत आली आणि तिनं कुणाला काही सांगितलं नाही. सांगायचं होतं ते भासऱ्याला, आणि त्याच्याशी तर बोलायचं नव्हतं.

सकाळी पाळीवर गाव जमलं. कानटोप्या, मफलरी, तोंडातून वाफा. उघडा काय तो एकटा धर्मेंद्र, आखूड चड्डीवर. तो कॅमेऱ्याकडं बघून पूर्वजांबद्दल बोलला, रक्ताबद्दल बोलला, मनाच्या ताकदीबद्दल तर फारच बोलला. पाणी ऐकत होतं. मग तो उतरला. पहिल्या बुडीला गुट्टा हलला नाही. दुसऱ्या बुडीला रोशनला धुकं आडवं आलं. तिसरी त्यांनी पुन्हा पहिल्यासारखी घेतली, कारण पहिलीत चेहऱ्यावर भाव बरोबर नव्हते. मधल्या वेळात हा गळ्याएवढ्या पाण्यात उभा, दात वाजत असताना दात दाखवत. असा अर्धा तास गेला. पायरीवरची खंड्याची जोडी केव्हाच उन्हाच्या अंगाला उडून गेली. पाखरांना कुणी शौर्य शिकवलेलं नसतं.

गुट्टा निघाला नाहीच. धर्मेंद्र बाहेर आला, थडथडत. पाळीवर झोंबरं वारं होतं. रोशननं त्याला तसंच उभं करून दोन शब्द बोलायला लावले. ते शब्द दारुड्यासारखे एकमेकांवर पडत होते. रीतानं टॉवेल दिला तर बोटांना धरता येईना. लोक कौतुकानं हसले. मग त्याचं थरथरणं थांबलं.

"पहा," कुणीतरी म्हणालं, "जिरवली थंडी."

सुशीलाबाई मात्र गर्दीतून पुढं सरकली. बकारामचंही असंच थांबलं होतं. धर्मेंद्रनं टॉवेल फेकून दिला. गरम होते म्हणाला, चड्डीच्या नाडीला हात घालू लागला आणि बायकोकडं अशा नजरेनं पाहिलं, की ही कोण बाई. रोशनचा मोबाइल चालूच होता.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि दुधराम आला. पंचाहत्तरीचा, काठी टेकत, हातात बाटली. त्यानं आल्या आल्या फर्मानं सोडली. जाळ करा. पोराले बसता करा. हातपाय चोळा. एकतीस वर्षांत त्याच्यात एका अक्षराचा फरक पडला नव्हता. माणसं लगबगीनं कामाला लागली. मारायचं काम गावात नेहमीच लगबगीनं होतं, आणि मायेनं.

भासऱ्याला हाक काय मारायची हे सुशीलाबाईला माहीत नव्हतं. कधी मारलीच नव्हती.

"ओ," ती म्हणाली. "बाटली खाली ठेवा."

दुधरामनं तिच्याकडं पाहिलं नाही, पाहायचं नसतंच. तो मान वळवून रीताला म्हणाला, "रीता, तुया सासूले सांग, मानसाच्या कामात बाईनं..."

"रीताले कायले सांगता? मी इथंच हाव." ती पुढं गेली, त्याच्या सावलीवरूनच गेली, आणि त्याच्या हातून बाटली काढून घेतली. "एकाले तुमी मायेनं मारलं. मी घोंगडी घेऊन पाहत राहिलो. याले हात लावू देनार नाई."

बाटली तलावात गेली.

मग तिनं कामं सांगितली आणि माणसं, हुकूम कुणाचाही चालतो म्हणून, तिचाही ऐकू लागली. खाट आणली. त्याला बसवायचं नाही, चालवायचं नाही, काचेचं भांडं उचलावं तसा आडवाच उचलायचा. पाळीखालच्या खळ्यात तणसाचा ढीग होता, त्यात खड्डा करून गोधडी अंथरली. ओली चड्डी सुशीलाबाईनं विळ्यानं कापून काढली. पुसलं, चोळलं नाही. डोक्याला तिनं स्वतःची शाल गुंडाळली. मग रीताकडं वळली. लुगडं सोड म्हणाली, आणि याच्या अंगाशी अंग लावून गोधडीत शीर. रीता गावाकडं पाहत थबकली.

"गावाले तोंड फिरवता येते," सुशीलाबाई म्हणाली. "तेवढं तरी येत असन."

गावानं तोंड फिरवलं. रोशनचा मोबाइल तिनं पदराखाली टाकला आणि त्याला तालुक्याहून एकशेआठची गाडी मागवायला दुसऱ्याच्या फोनवर बसवलं. वरून दोन घोंगड्या, वर तणस. कोमट पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून काखेत आणि छातीशी. पायांना काही नाही. दुरून पाहणाऱ्याला वाटलं असतं, कुणी धान झाकून ठेवलंय.

कितीतरी वेळ काहीच झालं नाही. सुशीलाबाई तणसाशी कान लावून बसून राहिली. ओठ हलत होते. देवाचं नाव नव्हतं, गाणंच होतं, तेच दोन ओळींचं. ऊन खळ्याच्या कुडावर आलं. आणि मग तणस हललं. आधी थोडं, मग सगळा ढीग सळसळू लागला. धर्मेंद्र पुन्हा कापत होता. उभ्या आयुष्यात तिला लेकाचं काही एवढं आवडलं नव्हतं.

त्याला बायकोचं नाव आठवलं. कप हातात धरता आला, तेव्हाच सुशीलाबाईनं गूळ घातलेली पेज दिली, घोट घोट. चौथ्या घोटानंतर या शूर पुरुषानं पहिलं वाक्य उच्चारलं.

"माय, व्हिडिओ निघाला काय?"

"निघाला," ती म्हणाली. "तुया बापाचा नव्हता निघाला. म्हणून एकतीस वर्षं लोकाइनं मनाले येईन ते सांगतलं." आणि तिथंच, तणसाच्या कडेला बसून, कपाची कड त्याच्या ओठांना लावत, तिनं त्याला सगळं सांगितलं. जाळ, बाटली, सात की आठ पावलं, हातातली घोंगडी. आवाज चढला नाही. खळ्याच्या तोंडाशी दुधराम काठीवर हनुवटी टेकून उभा होता. त्यानं ऐकलं. तो गेला नाही, एवढं त्याच्या बाजूनं म्हणता येईल.

गाडी आली. तिच्यातल्या माणसानं काखेत तापमान मोजलं, कुणी काय केलं ते विचारलं, मान हलवली आणि एक दिवस दवाखान्यात ठेवावं लागेल म्हणाला. धर्मेंद्र आईचा हात सोडेना. तिनं तो रीताच्या हातात दिला आणि मागून येईन म्हणाली. गुट्टा राहिला होता. परह्यांना, धानाच्या कोवळ्या रोपांना, पाणी हवं होतं.

सूर्य डोक्यावर आला तेव्हा पाळीवर पुन्हा गाव होतं. बायकांनी सुशीलाबाईच्या हातापायांना, मानेला, पाठीला जवसाचं तेल लावलं. गाणं कुणी सुरू केलं ते कळलं नाही. तिनं कमरेला दोर बांधला, त्याचं दुसरं टोक तरण्या गड्यांकडं दिलं आणि मग घोंगडी उचलून सरळ भासऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. पदर डोक्यावर नव्हता.

"हे धरा," ती म्हणाली. "मी बाहेर आलो का द्या. दुसरं काई देऊ नका."

दुधरामनं दोन्ही हात पुढं केले. ती पायरी उतरली. पाण्यावर ऊन होतं.