पाय पुढे पडेपर्यंत

अदेलार सीरने चाप ओढला आणि त्याच क्षणी त्याला कळलं की आपण शेण खाल्लं.

अस्वल पिंपापाशी उभं होतं, मचाणापासून वीस-बावीस पावलांवर. सप्टेंबरातली दुपार, चार वाजून गेलेले, उजेड भरपूर. पिंपात त्याने सकाळीच शिळे डोनट टाकून वरून काकवी ओतली होती. अस्वल आलं ते तिरकं, मचाणाकडेच तोंड करून, आणि जवळचा पुढचा पाय मागे टाकून थांबलं. असं उभं राहिलेल्या अस्वलावर गोळी झाडायची नसते. दंडाचा गोळा वाटेत असतो, आणि त्याच्या मागे मारायला जावं तर गोळी फुप्फुसं सोडून तिरकी पोटात शिरते. म्हणून थांबायचं. अस्वल आडवं होऊ द्यायचं. जवळचा पुढचा पाय एक पाऊल पुढे पडला की खांद्यामागची जागा उघडी होते, तिथे मारायचं. दोन्ही फुप्फुसं जातात आणि जनावर शंभर पावलांच्या आत, काय झालं ते कळायच्या आधी संपतं. हे अदेलारला कुणी सांगायची गरज नव्हती. नदीकाठच्या चार गावांना एकतीस वर्षं त्यानेच हे शिकवलं होतं.

मग त्याने गोळी का झाडली? कारण अस्वलाने नाक वर करून वास घेतला, आणि त्याला वाटलं, गेलं हे. तीन वर्षं त्याच्या स्वतःच्या परवान्यावर अस्वल पडलं नव्हतं. तो वाट दाखवायचा त्या बाहेरगावच्या पाहुण्या शिकाऱ्यांना मिळायची, त्याला नाही. शिकारी क्लबातली पोरं विचारायची, "काय काका, अस्वलांनाही भाषण देता का? झोपतात वाटतं बिचारी." तो हसायचा, पण ते त्याला लागायचं. एवढंच. बाकी काही कारण नव्हतं, आणि हे काय कारण झालं!

गोळी लागताच अस्वलाची पाठ कमानीसारखी वर आली. मग ते कुबड काढूनच झाडीत गेलं, धावतही नव्हतं. पोटात लागलं की जनावर असं जातं.

अर्ध्या तासाने तो खाली उतरला. रक्ताचे दोन थेंब दिसले आणि पुढे काही नाही. शरदातल्या अस्वलाच्या अंगावर चरबी चढलेली असते, ती भोक बुजवते, आणि उरलेलं रक्त केस पिऊन टाकतात. कुत्र्याशिवाय ते सापडणार नव्हतं. जखमी जनावराचा माग काढणारा, परवाना असलेला कुत्रा त्या सगळ्या पट्ट्यात एकच होता, आणि तो त्याच्या पुतणीकडे होता. अदेलारने शेवटी फोन लावला.

"गिलेन, मी बोलतोय."

"मी म्हणजे कोण?"

"तुझा काका."

"बोला काका. कुणी गेलं का?"

प्रश्न बरोबरच होता. चार वर्षांत दोघं बोलले होते ते कुणाच्या तरी दफनाच्या वेळीच.

"अस्वल मारलंय. कुत्रा हवाय."

"कुणी मारलं, पाहुण्याने?"

"मी."

गिलेनचा आवाज एकदम कामाचा झाला. "उभं कसं होतं?"

आता सांगायचं होतं. दोन शब्दांचं काम.

"आडवं," तो म्हणाला.

"पुढचा पाय?"

"पुढे."

"नक्की ना?"

"कुणाला विचारतेस तू?"

"सगळ्यांनाच विचारते काका," गिलेन म्हणाली. "पाऊण तासात पोचते."

फोन ठेवल्यावर त्याने कपाळावर हात मारून घेतला. आता चार वर्षांपूर्वीची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर या म्हाताऱ्याने असं का केलं ते कळायचं नाही. मोसमाच्या पहिल्या शनिवारी क्लबात घेवड्याची जेवणावळ असते, सगळा गाव येतो. त्या संध्याकाळी गिलेन जंगलातून तशीच चिखलाच्या बुटांनी आत आली आणि भर पंगतीत काकाच्या खुर्चीपाशी उभी राहिली. तीस वर्षांची बाई, पण चेहरा रडवेला. "काका, माझी घाई झाली. अस्वलाच्या पोटात लागलं असावं. सगळे मिळून शोधायला येता का?" यावर अदेलारने हातातला चमचा ताटावर आपटून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं होतं, "जिला पाय पुढे पडेपर्यंत थांबता येत नाही, तिने बंदूक चुलीत घालावी. तुझा बाप असता तर त्याने मान खाली घातली असती." मग तिच्याबरोबर शोधायलाही गेला तो, दोन दिवस गेला, पण अस्वल मिळालं नाही. तिसऱ्या दिवशी गिलेनने बापाची रायफल काकाच्या गाडीत ठेवली आणि ती निघून गेली. पुन्हा तिने बंदूक हातात धरली नाही. वर्षभराने तिने आखूड पायांचं एक दाढीवालं कुत्रं आणलं, पितू नावाचं, आणि दुसऱ्यांनी बिघडवलेलं निस्तरत ती जंगलं तुडवू लागली.

तिला कोणत्या तोंडाने सांगायचं, की पाय मागे होता?

गिलेन आली. पितूच्या गळ्यात लांब दोरी. तिने पिंपाजवळची जागा पाहिली, मचाणाकडे पाहिलं, रक्ताचे दोन थेंब पाहिले.

"खांद्यामागे लागलं म्हणता, मग इथे फुप्फुसाचं फेसाळ रक्त हवं होतं."

"चरबी आहे गं. मोठं धूड आहे."

"तुम्ही म्हणता आहात म्हणून आत्ता जाते," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर सकाळपर्यंत थांबले असते."

अदेलारने मान हलवली. ती मान त्याने का हलवली हे त्याला पुढे कितीतरी दिवस समजलं नाही. पोटात लागलेल्या अस्वलाच्या मागे लगेच जायचं नसतं, हे सगळ्यात पहिलं. ते दोन-तीनशे पावलांवर जाऊन पडतं. पडू द्यायचं. रात्रभर त्याच्या वाटेला जायचं नाही, ते तिथेच शांतपणे संपतं. मागे लागलं की ते उठतं, आणि एकदा उठलं की फाटलेलं पोट घेऊन मैलोगणती चालतं.

पितू दोरी ताणून निघाला. ओढा ओलांडला, फर्नमधून वर चढला. अदेलार मागून चालत होता आणि मनात म्हणत होता, आता सांगतो. त्या पडलेल्या बर्चच्या झाडापाशी सांगतो. बर्च आला, गेला. तेवढ्यात समोरच्या देवदारांच्या दाटीत काहीतरी जड उठल्याचा आवाज झाला, फांद्या मोडल्या, आणि तो आवाज दलदलीच्या बाजूला लांब लांब गेला.

गिलेन जागच्या जागी थांबली. पितू भुंकत होता, तिने त्याला पोटाशी घेतलं. अस्वल जिथे पडलं होतं तिथलं शेवाळ दबलेलं होतं. त्यावर थोडं काळपट रक्त आणि हिरवट, आंबूस वासाचा लगदा, अर्धवट चावलेल्या बेरींचा.

"काका, हे काय आहे?"

"गोळी हाडावर लागून आत वळली असेल."

गिलेनने त्याच्याकडे पाहिलं. अदेलार खाली बघत बुटाचा चिखल झाडायला लागला. खरं सांगायची ही शेवटची बरी वेळ होती आणि तीही त्याने बुटाच्या चिखलात घालवली.

"उद्या उजाडल्यावर," एवढंच म्हणून ती परत फिरली.

घरी बायकोने, लॉरेटने, गरम प्लॉयची, बकव्हीटच्या धिरड्यांची, चवड लोणी लावून पुढे ठेवली. त्याने एक धिरडं गुंडाळलं आणि पुन्हा उलगडलं. "आजारी आहेस का?" लॉरेटने विचारलं. "नाही," तो म्हणाला. आजारी असता तर बरं झालं असतं.

सकाळी दलदलीच्या पलीकडे, सव्वा मैलावर, उपटलेल्या देवदाराच्या मुळांखाली पितूला ते सापडलं. अस्वल मेलेलं होतं. गिलेन गुडघ्यांवर बसली आणि तिने पुढच्या पायाखाली काखेत हात घातला. बराच वेळ तिने हात तसाच ठेवला.

"गरम आहे," ती म्हणाली. "तास झाला असेल. फार तर दोन."

काल चारपासून आज सहापर्यंत. हिशेब दोघांनाही येत होता.

मग तिने केस बाजूला सारून भोक शोधलं, त्यात बोट घातलं, आणि बोट मागे, पोटाच्या दिशेला वळलं. तिने वर पाहिलं नाही.

"ते माझ्याकडे तोंड करून होतं," अदेलार म्हणाला. "पाय मागे होता. मला दिसत होता. तरी मारलं."

"काल का नाही सांगितलं?"

"तुला कसं सांगणार होतो मी?"

"मला नव्हतंच सांगायचं!" आता तिचा आवाज चढला. "मी कोण? याच्यासाठी सांगायचं होतं. मी याला उठवलं नसतं काका. ते काल तिथेच शेवाळावर पडून, रात्रीतच शांतपणे मेलं असतं. मी उठवलं याला. तुमच्या शब्दावर विसंबून मी याला मैलभर चालवलं."

ही मुलगी तिच्या बापाच्या दफनाला रडली नव्हती, ती आता अस्वलाच्या अंगावर हात ठेवून रडत होती, आणि ते रडणं त्याने तिच्या वाट्याला आणलं होतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अस्वल ओढून आणायला दोघांना साडेतीन तास लागले.

शिकारीची नोंद करायची ती गावातल्या फिर्मांच्या दुकानात. बटाट्याच्या काढणीचे दिवस, कॉफी प्यायला निम्मा गाव तिथे जमलेला. अदेलारच्या गाडीत अस्वल म्हटल्यावर सगळे कप घेऊन बाहेर आले. फिर्मांने वनखात्याला पाठवायच्या पाकिटात टाकायला अस्वलाचा एक दात काढला, नोंदीची चिठ्ठी अडकवली आणि मग नेहमीसारखाच बाजूला झाला. त्या दुकानापुढे शिकाऱ्याने भोकावर स्वतः बोट ठेवून सांगायचं असतं. पाहुण्यालाही सांगावं लागतं. ही पद्धतही अदेलारनेच पाडलेली.

"बोला काका," एक पोरगा हसत म्हणाला, "एकाच गोळीत?"

गिलेन आपल्या गाडीपाशी पितूला पाणी पाजत होती. तिने तोंड उघडलं नसतं, हे अदेलारला पक्कं ठाऊक होतं. त्याने बोट ठेवलं.

"एकाच. पोटात. तोंड माझ्याकडे होतं, पाय मागे होता, दिसत असून मारलं. वर गिलेनला खोटं सांगितलं. त्यामुळे काल लगेच माग काढला, ते उठलं आणि आज उजाडेपर्यंत जिवंत होतं."

अदेलार मान खाली घालून थांबला. कुणीतरी थुंकेल, कुणीतरी बंदूक चुलीत घालायला सांगेल, निदान तो पोरगा तरी. त्याला तेच हवं होतं.

फिर्मांने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "होतं रे अदेलार. एकतीस वर्षांत एकदा. माणूसच आहेस तू."

"मनाला लावून घेऊ नका काका," तो पोरगा म्हणाला. त्याचं हसणं गेलं होतं. "माझंही झालं होतं एकदा. मी घाबरून बोललोच नाही."

"उघड सांगायला छाती लागते," आणखी कुणी म्हणालं. एकाने आत जाऊन कॉफी आणली, दोन चमचे साखर घालून, त्याला आवडते तशी, आणि कप त्याच्या हातात दिला.

अदेलार तो कप घेऊन गिलेनच्या गाडीपाशी गेला. तिने सगळं ऐकलं होतं.

"त्या दिवशी पंगतीत हेच सगळे होते," ती म्हणाली. रागाने म्हणाली नाही, नुसतं सांगितलं.

"हो."

"मीसुद्धा उघडच सांगितलं होतं, काका."

"त्यांनी तुलाही असंच सांभाळून घेतलं असतं गं," अदेलार म्हणाला. "मी आधी बोललो. मग कुणाची हिंमत झाली नाही."

गिलेनने पितूला उचलून आत ठेवलं आणि दार लावलं. "पोटाकडचं सगळं टाका," ती म्हणाली. "मागच्या तंगड्या वाचतील, पण ऊन आणखी तापायच्या आत सोला." मग ती गेली.

"ये रे आत," फिर्मां मागून मायेने म्हणाला, "कॉफी गार होतेय." ती माया अदेलारच्याने सोसवेना. कप गाडीच्या टपावर ठेवून त्याने सुरी काढली आणि सगळ्यांकडे पाठ करून तो अस्वल सोलायला लागला.