बेचाळीस कुप्या

निशिगंधाने चिमट्याने कुपीतली चिठ्ठी बाहेर काढली, खिडकीच्या उजेडात धरली आणि उलटून पाहिली. कागद दोन्ही बाजूंनी कोरा होता. कुपीतलं स्पिरिट मात्र फिकट निळं झालं होतं. तिने दुसरी कुपी उघडली, मग तिसरी. दहाव्या कुपीनंतर चिठ्ठी काढायच्या भानगडीत ती पडलीच नाही. निळं पाणी बघायचं आणि झाकण लावायचं.

बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात अशा बेचाळीस कुप्या होत्या. सात वर्षांत तीन मेलेले डॉल्फिन किनाऱ्याला लागले. नाकाला रुमाल बांधून तिने त्यांच्या चरबीतून आणि पोटातून पट्टकृमीच्या अळ्या वेचल्या होत्या. ही अळी डॉल्फिनच्या अंगात शार्कची वाट बघत बसते. शार्कने त्याला खाल्लं तरच तिचा पुरता कृमी होतो. चरबीतल्या अळीची मान आखूड, पोटातलीची भली लांब. पुस्तकांत त्या दोन वेगळ्या जाती. निशिगंधाला वाटायचं, जात एकच असेल, जागेप्रमाणे अंग बदलत असेल.

ते ठरवायची रीत सोपी होती. प्रत्येक अळीचे दोन तुकडे करायचे. डोकं फॉर्मेलिनमध्ये, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली त्याची ठेवण बघता येते. पण तिथे डीएनए नासतो, आणि जात एकच की दोन हे तोच सांगतो. म्हणून शेपटाकडचा कणीएवढा तुकडा स्पिरिटमध्ये. दोन्हींना नंबर एकच. कुठलं शेपूट कुठल्या डोक्याचं, हे सांगायला त्या चिठ्ठीवाचून जगात दुसरं काही नव्हतं. ती पेन्सिलनेच लिहायची, कारण स्पिरिट शाई धुऊन काढतं. मुरबाडच्या कॉलेजात तासांवर शिकवताना हे ती पोरांकडून घोकून घ्यायची.

डोकी अजून कॉलेजातच होती. परीक्षांसाठी प्रयोगशाळा ताब्यात गेली, तेव्हा हा डबा तेवढा ती किन्हवलीला घरी घेऊन आली होती आणि मग आठ दिवस नाशिकला प्रशिक्षणाला गेली होती. आज सकाळीच परतली.

"काय गो, आकडे दिसतात ना नीट?" ओटीवर वाल सोलत बसलेल्या महादू गुरुजींनी, तिच्या वडिलांनी, विचारलं.

तिने हातातली कुपी डब्यात ठेवली.

"दिसतात, आबा."

"तुझी ती पेन्सिल! पुसट नि तिरपी. डॉक्टर व्हायला निघाली, नि लिहिते पहिलीतल्या पोरावानी. सगळ्या नव्यानं लिहिल्या मी. एक बाटली उघडायची, तिचीच लिहायची, तिच्यातच टाकायची. एक पण चुकली नाय."

"जुन्या कुठं आहेत?"

"चुलीत घातल्या. कचरा कशाला ठेवायचा?"

गुरुजींची उभी हयात डोळखांबच्या पाड्यांवर मास्तरकी करण्यात गेली होती. पोराला पाटीवरून वहीवर आणायचं, पेन्सिलीवरून पेनावर आणायचं, हेच त्यांचं काम. पोराच्या हाती पहिलं पेन ते स्वतः द्यायचे. आता त्यांचा हात थरथरायचा, डोळ्यांना अंधुक दिसायचं. भिंग घेऊन चार दुपारी ते या चिठ्ठ्यांपाशी बसले असणार. निवृत्तीनंतर त्यांना इतकं खूश तिने पाहिलं नव्हतं. तिला रडूही येईना. राग येत होता, पण तो काढावा असं घरात कुणी नव्हतं.

फोन वाजला. मुंबईच्या मॅडम, तिच्या पीएचडीच्या मार्गदर्शक. ती मागच्या दारी गेली.

"उद्या नमुने आणतेस ना? ही शेवटची मुदतवाढ आहे, लक्षात ठेव."

"मॅडम, चिठ्ठ्या धुऊन गेल्या," ती हळू आवाजात म्हणाली. "सगळ्या. पेनानं लिहिल्या होत्या."

"पेनानं? कुणी?"

ओटीवरचा वाल सोलल्याचा आवाज थांबला होता. निशिगंधाने दाराची कडी घट्ट धरली.

"मीच, मॅडम. माझीच चूक."

मग मॅडमनी विचारलं, "मग प्रबंधात आता उरलं काय?"

"काही नाही."

ती आत आली तेव्हा गुरुजी उंबऱ्यात उभे होते. 'माझीच चूक' एवढंच त्यांच्या कानावर पडलं होतं.

"कसली चूक केलीस?"

"नंबर घालवले मी, आबा. काम फुकट गेलं."

"सगळं?"

"सगळं."

गुरुजींचा चेहरा पडला आणि मग लालबुंद झाला.

"लहानपणापासून हेच! धांदरट ती धांदरटच राहिलीस. मी मेहनत करून एवढं नीट लिहून दिलं, ते पण सांभाळता आलं नाय तुला?"

"नाही आलं."

"सात वर्षं गो, सात वर्षं!" त्यांचा आवाज फाटला. भिंतीला धरून ते खाली बसले. मग त्यांनीच तिला हाक मारून जवळ बसवलं. तिच्या पाठीवरून हात फिरवला. ती दहावीला गणितात नापास झाली होती, तेव्हाही असाच फिरवला होता.

"जाऊ दे. परत मिळंल एखादा मासा. पण पुढच्या वेळी तू हात नको लावू. लिहायचं काम पहिल्यापासून माझ्याकडं दे."

"देईन," ती म्हणाली.