मुखपृष्ठावरची नथ

आमचे हे मुंबईला छापखान्यात. दर दिवाळीला तिथे छापलेल्या दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ माझ्यासाठी आणत आणि मी ते स्वयंपाकघरातल्या भिंतीवर खळीने डकवत असे. अख्ख्या देवबागेतल्या बायका बघायला येत. एकसष्टच्या दिवाळीला मात्र हात हलवत आले.

“अवंदा अंकच निघूक नाय गो.”

“आणि माझी नथ?”

नथीतला एक मोती पडला होता, तिथे मी निळा मणी ओवला होता. खरा मोती बसवून आणतो म्हणून यांनीच ती शिमग्यात नेलेली.

“सोनाराकडे आसा,” हे पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाले.

एका मोत्याला आठ महिने? कुठेतरी पाणी मुरत होतं.

दुपारी मास्तरणीकडे गेले, तर ओटीवर यंदाचा तोच अंक, कोरा करकरीत! मुखपृष्ठावर एक गोरीपान बाई लाजून हसत होती. चित्रकारासमोर बसायला बाया येतात, हे यांनीच मला सांगितलं होतं. हिच्या नाकात नथ होती. चित्रकार मोठा प्रामाणिक, निळा मणीसुद्धा सोडला नव्हता त्याने.

ते मुखपृष्ठ मी मागून आणलं आणि भिंतीच्या मधोमध डकवलं. बरोबर त्याच्यासमोर यांचा पाट मांडला, बांगड्याचं तिखलं वाढलं आणि गोड आवाजात हाक मारली, “जेवूक येवा!”