पंचविसावं नाव

"शेठ, मशीनला हात लावू नका म्हणून कितीदा सांगायचं?" मी पारसशेठला तोंडावर बोलले. दुकान त्यांचं, पण सांगलीच्या अख्ख्या पेठेत मराठी टायपिंगला माझ्यासारखी दुसरी कुणी नव्हती, म्हणून ऐकून घ्यायचे.

समोर कुंडलचे कोंडीबाआबा फ्लॉपी फडक्यात गुंडाळून आणून बसले होते. छप्पन साली त्यांच्यासकट गावची चोवीस माणसं रेल्वेनं नागपूरला जाऊन बौद्ध झाली. ती नावं विहारातल्या दगडावर कोरायची होती. मूळ वही वाळवीनं खाल्ली. त्याआधी त्यांच्या लेकीनं, मायानं, लोणंदच्या टायपिंग क्लासात यादी या फ्लॉपीवर उतरवली होती, तेवढीच उरलेली.

"निम्मी नावं मला आता आठवत न्हाईत गं पोरी," आबा म्हणाले. "ही गेली की ती मानसं गेलीच."

आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर काय? शेपट्या, टोप्या, ठिपके! एक अक्षर मराठी, तर चार परकी. फॉन्ट तर तोच होता.

शेठ खाकरले. सकाळी पाहुण्यांना मशीनमधला जगाचा नकाशा दाखवताना कुठंतरी क्लिक झालं म्हणे. सेटिंग उघडून बघते तर काय, यांनी सांगली उचलून ग्रीस देशात नेऊन ठेवलेली! मशीन बिचारं इमानदारीनं तिकडची अक्षरं काढत होतं. मी सगळं पहिल्यासारखं केलं, मशीन बंद करून परत चालू केलं.

दुपार सुस्तावली होती. पंख्याच्या घरघरीत आबांचे डोळे मिटले.

"गाडी हलली का गं?" ते झोपेतच पुटपुटले.

"हलली, आबा."

पडदा उजळला आणि नावं आली. काना, मात्रा, सगळं जागच्या जागी. मला रडूच आलं. मी एकेक नाव वाचायला लागले.

"गुंडा."

"हाय. खिडकीत बसलाय."

"हिंदुराव."

"हाय. पायात वहाण न्हाई त्याच्या."

अशी चोवीस माणसं त्या गाडीत बसली. डोळे मिटूनच आबा हसत होते. खाली आणखी एक ओळ होती.

"राहीबाई. मागं राहून सगळ्यांच्या भाकऱ्या बांधल्या, सहा घरची पोरं सांभाळली."

आबांनी डोळे उघडले.

"हे वहीत न्हवतं. मायानं आईचं नाव घातलं." ते पडद्याजवळ सरकले. "चाळीस वर्सं झाली. माज्या का ध्यानात आलं न्हाई?"

मी राहीबाईंची ओळ पुन्हा वाचून दाखवली.

"दगडावर चोवीसच वळी बसत्यात," आबा म्हणाले. "माजं नाव काड."

"काही काढायचं नाही!" मी केवढ्यांदा ओरडले. शेठसुद्धा दचकले.

मग मी अक्षर जरा बारीक केलं आणि शेवटच्या ओळीत दोघांची नावं शेजारी शेजारी बसवली. राहीबाईंचं आधी.