मांजर अजून खिडकीतच

माझी मावशी औषधांच्या दुकानात काम करते, त्यामुळे सगळं नीट लिहून ठेवायची तिला भारी सवय. जपानी शिकायला लागल्यावर ती इंटरनेटवर एका जपानी बाईंचा ब्लॉग वाचू लागली. त्यांचं मांजर हरवलं होतं. नवा शब्द दिसला की मावशी तो वहीत उतरवायची: शब्द लाल, अर्थ निळ्या आणि वाक्य हिरव्या शाईने.

महिन्याभराने मी विचारलं, "सापडलं का गं मांजर?"

"अजून ते खिडकीतून बाहेर पडतंय," मावशी म्हणाली. "तिसरा परिच्छेद चालू आहे. पण वही संपत आली बघ!"

"म्हणजे महिनाभर ते बिचारं खिडकीत लटकलंय?"

मावशी वरमली. तिने वही मिटली आणि अडलेले शब्द सरळ ओलांडत ती शेवटपर्यंत वाचत सुटली. अर्ध्या तासाने तिचे डोळे भरून आले.

"सापडलं गं! अगदी सुखरूप आहे."

"कुठे होतं?"

"कुणाच्या तरी कशाच्या तरी खाली," ती डोळे पुसत म्हणाली. "आणि सोबत तीन काहीतरी होती, इवलीइवली!"