मुक्कामाला आलेली माती

मी एक जुना काळा दगड आहे. धावड्याच्या शिवारात, दोन शेतांमधल्या बांधावर निम्मा जमिनीत पुरलेला. नाल्यातून बैलगाडीत घालून मला इथे आणले, तेव्हा दोन्ही घरच्यांनी मिळून नारळ फोडला. त्यानंतर माझे काम एकच: जागचे हलायचे नाही. मित्रांनो, सोपे वाटते ना? माणसांना विचारा. देवळात हात जोडणारा माणूस नांगर हाती आला की बांधाकडे कसा वीतभर कलतो, ते मला ठाऊक आहे.

म्हणूनच वरच्या शेताच्या वसंताने खालच्या काकासाहेबांना बांधावर खोरे चालवताना पाहिले, तेव्हा तो धावतच आला.

"काका, बांध कोरून राह्यले का?"

"न्हाई रे बाबा. रातच्या पावसात तुझी माती माझ्याकडं मुक्कामाला आल्ती. माघारी लावून देऊन राह्यलो."

"ठेवून घ्यायची ना मंग!"

"दुसऱ्याची लेक पाहुणी आली म्हणून कोणी ठेवून घेतं का? चल, जल्दी घमेलं धर."

मग दर मोठ्या पावसानंतर हेच. वाहून आलेली माती वर टाकायची, फुटलेला बांध लिंपायचा आणि माझ्यावर बसून भाकरी खायची. वसंता हसायचा, पण घमेले घेऊन यायचा.

मागच्या वर्षी काकासाहेब गेले. बांधावर गवत माजले, त्यात मी दिसेनासा झालो. यंदा उन्हाळ्यात त्यांचा मुलगा कल्याण जालन्याहून जेसीबी घेऊन आला. बांध सपाट करून तिथेही कपाशी लावायची होती. जेसीबीचे दात माझ्याजवळ आले, आणि वसंता येऊन चक्क माझ्यावर बसला.

"बांध गेला तर माझी माती तुझ्या शेतात येईल, कल्याण."

"फुकट येती तर येऊ द्या ना, काका."

"अन् ती थांबणार हाय का तिथं? तुझीबी संगं घेऊन नाल्यात जाईल. मंग बापासारखं घमेलं घेऊन तिच्यामागं कुठवर पळशील, धरणापर्यंत?"

कल्याणने खाली पाहिले. कोरड्या नाल्यात काळ्या मातीचा थर भेगाळून पडला होता. त्याने जेसीबी माघारी धाडला, माझ्याभोवतीचे गवत उपटले आणि म्हणाला, "सरका थोडं." दोघांना पुरेल एवढा मी रुंद आहे.

मित्रांनो, मला शेंदूर नको, हार नको. मोठा पाऊस झाला की बांधावर एक चक्कर मारा. शेजाऱ्याची माती आली असेल तर पोचवा. येताना घमेले मात्र आणा. रिकाम्या हाताने काकासाहेबांच्या आठवणी काढणारे इथे पुष्कळ येऊन गेले.